आपणही बेटावरच राहतो

२९ जून २०२४ च्या रात्री आमच्या घाटकोपरच्या वस्तीत कोणी लवकर झोपले नाही. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी टी.व्ही. बाहेर आणून ठेवला होता. म्हातारीकोतारी दारात, पोरे पत्र्यावर, बायका भांडी तशीच टाकून उभ्या. शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर तो झेल घेतला आणि गल्लीत एकच गलका झाला. भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. नंतर पडद्यावर दिसले की आपल्या बोरिवलीत लहानाचा मोठा झालेला कप्तान रोहित शर्मा खेळपट्टीवर वाकला आणि त्याने तिथली चिमूटभर माती तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी रविवार. दर रविवारी सकाळी आम्ही विहारात मुलांचा वर्ग घेतो. आठवडाभर कचेरीत कारकुनी करायची, रविवारी मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवायचे, असा आमचा गेल्या कित्येक वर्षांचा क्रम. त्या दिवशी गणितात कोणाचे मन लागेना. सहावीतल्या एका मुलाने हात वर केला.

"सर, रोहितने खाल्ली ती माती कुठली?"

"बार्बाडोसची," आम्ही म्हणालो.

"ते कुठं आहे?"

"वेस्ट इंडिजमध्ये."

"वेस्ट इंडिज म्हणजे देश ना?"

येथे आमची गाडी अडली. खरे सांगायचे तर चाळिशी उलटली तरी आम्हीही वेस्ट इंडिज हा एकच देश समजत होतो. संघ एक, म्हणजे देश एक, असा आमचा साधा हिशेब. "पुढच्या रविवारी सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. मात्र शब्द दिला होता. तो आठवडा आम्ही कचेरी सुटल्यावर वाचनालयात नकाशे आणि पुस्तके चाळण्यात घालवला. त्यातून जे हाती लागले ते मुलांना सांगितले, आणि आज वाचकांनाही सांगत आहोत. कारण त्या दूरच्या बेटाची माहिती शोधता शोधता आम्हांला आपल्याच पायाखालच्या बेटाचा शोध लागला.

वेस्ट इंडिज हा देश नाही. कॅरिबियन समुद्रातल्या अनेक लहान लहान बेटांचे ते नाव आहे. १४९२ साली कोलंबस भारत शोधायला निघाला आणि तिकडे जाऊन पोचला. आपण इंडियातच आलो असे त्याला वाटले. त्याची चूक पुढे कळली, तरी नाव तेच चिकटले. त्या बेटांपैकी बार्बाडोस हा एक स्वतंत्र देश. क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, लोकवस्ती तीन लाखांच्याही आत. एवढी माणसे तर घाटकोपर आणि मुलुंड मिळून सहज होतात. एवढ्याशा देशाने फ्रँक वॉरेल, एव्हर्टन वीक्स, क्लाइड वॉलकॉट, गॅरी सोबर्स, माल्कम मार्शल हे सगळे खेळाडू दिले. मुलांनी तोंडात बोटे घातली.

पण या बेटाचा इतिहास क्रिकेटने सुरू होत नाही. तो उसाने सुरू होतो.

इंग्रजांनी १६२७ साली तेथे वसाहत केली. थोड्याच वर्षांत उसाची लागवड सुरू झाली, आणि उसाला राबणारे हात हवे झाले. ते हात आफ्रिकेतून बेड्या घालून, जहाजांत कोंबून आणले गेले. १६६१ साली बार्बाडोसमध्ये गुलामांसाठी खास कायदा करण्यात आला. मालकाने शिक्षा करताना गुलाम मेला तर मालकाला दंड नाही, अशी त्यात तरतूद होती. हाच कायदा पुढे इतर बेटांवरही नमुना म्हणून वापरला गेला. वाचकांनी १६६१ हे साल लक्षात ठेवावे. याच साली इंग्लंडच्या राजाला पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या करारात आपले मुंबई बेट आंदण मिळाले. एकाच वर्षी, एकाच राजाच्या राज्यात, एका बेटावर माणसे जंगम मालमत्ता ठरली आणि दुसरे बेट माणसांसकट हुंड्यात गेले!

पुढे गुलामांना ढोल वाजवण्याचीही बंदी झाली. ढोलाच्या आवाजावर माणसे गोळा होतात, निरोप पोचतात, ही मालकांची भीती. हलगीचा आवाज ज्यांच्या कानात आहे त्या आपल्या लोकांना ही भीती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. एप्रिल १८१६ मध्ये बुसा नावाच्या गुलामाच्या पुढाकाराने मोठा उठाव झाला. तो चिरडला गेला, बुसा लढतच मारला गेला. आज साखळदंड तोडणाऱ्या माणसाचा एक मोठा पुतळा त्या बेटावर उभा आहे. १९८५ साली तो बसवला. लोक त्याला 'बुसा' असेच म्हणतात.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. जमाखर्चाची वही दिसली की आमची नजर तिथेच अडकते. १८१७ पासून बार्बाडोसमध्ये गुलामांच्या नोंदवह्या ठेवल्या जाऊ लागल्या. मालकाचे पूर्ण नाव, आणि खाली गुलामांची नावे, वये, जन्म कुठला. बहुतेकांना आडनाव नाही. १ ऑगस्ट १८३४ पासून ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा अमलात आला. तेव्हा बार्बाडोसमध्ये ८० हजारांवर गुलाम होते. तरी आणखी चार वर्षे, १८३८ पर्यंत, 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांना जुन्याच मालकाकडे राबावे लागले. आणि नुकसानभरपाई? ती मिळाली. २ कोटी पौंड! पण ती गुलामांना नव्हे, मालकांना. त्यांची 'मालमत्ता' गेली म्हणून. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची परतफेड ब्रिटिश सरकारने २०१५ साली केली. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसाच्या नावापुढे मात्र जमेच्या बाजूला शून्य. असा ताळेबंद आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता.

मुक्त झालेला माणूस जाणार कुठे? जमीन तर सगळी मळेवाल्यांची. मग तो मळ्याच्याच कडेला खोपट बांधी. पण जागा आपली नाही, मालक कधी उठवील याचा नेम नाही. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. लाकडी फळ्यांचे असे घर बांधायचे की जे सुटे करता येईल. पाया खणायचा नाही, नुसत्या दगडांवर घर ठेवायचे. मालकाशी बिनसले की फळ्या उतरवायच्या, गाडीवर घालायच्या आणि दुसऱ्या मळ्यावर जाऊन पुन्हा उभ्या करायच्या. या घरांना तिकडे 'चॅटल हाउस' म्हणतात. चॅटल म्हणजे जंगम मालमत्ता.

हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसेच बसून राहिलो.

आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, १९७२ च्या दुष्काळात जालना भागातून मुंबईला आले. त्यांनी उपनगरातल्या दगडाच्या खाणीत काम धरले. डोंगराच्या उतारावर झोपडी घातली. आमच्या लहानपणी ती झोपडी दोनदा तुटली. पाडापाडीची गाडी येणार अशी कुणकुण लागली की दादा रातोरात पत्रे उतरवीत. उतरवण्याआधी प्रत्येक पत्र्यावर कोळशाने खूण करीत. एक रेघ, दोन रेघा, फुली. म्हणजे दुसऱ्या जागी लावताना जुनी भोके जुन्याच खिळ्यांना जुळावीत, पावसाला नवे भोक मिळू नये. आई दाराची चौकट डोक्यावर घेई. आमच्याकडे बाबासाहेबांचा फोटो आणि कंदील. तो फोटो आजही आमच्या भिंतीवर आहे, त्याच्या काचेला एका कोपऱ्यात तडा आहे.

कोळशाच्या त्या खुणा आम्ही कधी कोणाला सांगितल्या नव्हत्या. गरिबीची ती एक खाजगी लाज होती. हजारो मैलांवरच्या एका बेटावर दुसऱ्या कोणीतरी हेच केले होते, हे कळल्यावर ती लाज एकदम हलकी झाली. आणि बार्बाडोसच्या लोकांनी ती लाज आपल्यापेक्षा आधीच उतरवून ठेवली आहे. ती लाकडी घरे आज त्यांच्या देशाचा अभिमानाचा वारसा म्हणून दाखवली जातात.

त्या लोकांनी पुढे काय केले, तेही थोडक्यात सांगतो. १८४३ साली सॅम्युअल जॅकमन प्रेस्कॉड हा तिथल्या विधिमंडळावर निवडून आलेला पहिला बिगरगोरा माणूस. हा एका वर्तमानपत्राचा संपादक होता. लहान पत्रे काय करू शकतात, याचे हे उदाहरण आपल्या पत्राच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९६२ साली एरल बॅरो यांच्या सरकारने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केले. ३० नोव्हेंबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला. २०२० च्या नोव्हेंबरात राजधानी ब्रिजटाउनच्या चौकात १८१३ पासून उभा असलेला इंग्रज दर्यासारंग नेल्सनचा पुतळा त्यांनी उतरवला. आणि ३० नोव्हेंबर २०२१ रोजी इंग्लंडच्या राणीचे नाममात्र राज्यही संपवून ते प्रजासत्ताक झाले. सँड्रा मेसन या त्यांच्या पहिल्या राष्ट्राध्यक्ष.

क्रिकेट हा गोऱ्या मालकांचा खेळ. तोही या लोकांनी आपला केला. तरीही वेस्ट इंडिजच्या संघाचे पूर्ण मालिकेसाठी कप्तानपद काळ्या खेळाडूला मिळायला १९६० साल उजाडावे लागले. तो कप्तान म्हणजे फ्रँक वॉरेल. १९६२ च्या दौऱ्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात आपला कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर चेंडू आदळला, तो मरणाच्या दारात होता. तेव्हा त्याच्यासाठी रक्त देणाऱ्यांत वॉरेल पुढे होता. गॅरी सोबर्स पाच वर्षांचा असताना त्याचे खलाशी वडील युद्धात जहाज बुडून गेले. आईने मुलांना वाढवले. असो. ही यादी लांबेल.

आमच्या घरच्या मंडळींना मात्र तिथल्या जेवणात जास्त रस. मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेला घट्ट घाटा आणि त्याबरोबर उडता मासा, हे त्यांचे राष्ट्रीय जेवण. ऊस तोडून संपला की 'क्रॉप ओव्हर' नावाचा मोठा सण. आणि ज्या ढोलावर बंदी होती तो ढोल आज त्या सणात सगळ्यांच्या पुढे असतो.

हे सगळे सांगून झाल्यावर त्याच मुलाने पुन्हा विचारले, "सर, बेटावर राहायला कसं वाटत असेल?"

आम्ही भिंतीवर मुंबईचा नकाशा लावला. म्हणालो, "तुला माहीत आहे. तूही बेटावरच राहतोस."

मुले हसली. बेट म्हणजे नारळाची झाडे, वाळू आणि चारही बाजूंना पाणी. घाटकोपर कुठले बेट? मग आम्ही त्यांना कोडे घातले. लोकल गाडीने, बसने किंवा पायी, पाणी न ओलांडता इथून बाहेर पडून दाखवा. बोट नकाशावर फिरू लागले. पश्चिम रेल्वेने भाईंदरच्या पुढे नायगावला जायचे तर खाडीवरचा पूल. मध्य रेल्वेने ठाण्याच्या पुढे कळव्याला जायचे तर पूल. मानखुर्दहून वाशीला जायचे तर पूल. मुलुंडहून ऐरोलीला जायचे तर पूल. पश्चिमेला तर अरबी समुद्रच. दक्षिणेला माहीमची खाडी. ती आता बुजत बुजत नाल्यासारखी झाली, पण एके काळी तिथेही नावेतूनच जावे लागे. शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये बांध घालून इंग्रजांनी १८०३ च्या सुमारास रस्ता केला. वांद्रे आणि माहीम जोडणारा रस्ता १८४५ साली झाला, तोही सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखावर रुपये दिले म्हणून.

या आपल्या बेटाचे नाव साष्टी. सहासष्ट गावांचे म्हणून साष्टी, असे सांगतात. कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, ठाणे, अंधेरी, बोरिवली, सगळे याच बेटावर. खाली जोडले गेलेले मुंबई शहर धरून क्षेत्रफळ सहाशे चौरस किलोमीटरच्या थोडे वर. म्हणजे बार्बाडोसपेक्षा आपले बेट मोठे! मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही म्हणालो, टाळ्या नंतर वाजवा. बार्बाडोसच्या पोराला आपल्या बेटाचा इतिहास तोंडपाठ असतो. तुम्हांला आपल्या बेटाचे नावही आज कळले.

मुलांना बोललो खरे, पण मनात स्वतःलाही बोललो. शाळेत असताना आमची सहल कान्हेरीला गेली होती. ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, असे आमच्या गुरुजींनी सांगितले आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतले. घरी येऊन दादांना सांगितले. दादा दिवसभर घण मारून आलेले. ते एवढेच म्हणाले, "एका रातीत? त्यांना दगड म्हाईत नसंल."

त्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षांनी, २०२४ च्या डिसेंबरातल्या एका रविवारी, आम्ही वर्गातली बावीस मुले आणि दादांना घेऊन कान्हेरीला गेलो. दादांचे वय झाले आहे, धूळ खाऊन खाऊन छाती भरलेली. तरी आले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून बसने वर आणि मग पायऱ्या.

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. जुन्या लेखांत या डोंगराचे नाव 'कण्हगिरी' असे येते, म्हणजे काळा डोंगर. इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास येथे कोरीवकाम सुरू झाले आणि जवळपास हजार वर्षे भिक्खूंचा वावर राहिला. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातले, दोन व्यापारी भावांनी करवलेले. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना भगवान बुद्धांच्या सुमारे सात मीटर उंचीच्या मूर्ती आहेत. त्या नंतरच्या काळातल्या. मुले त्यांच्या पायाशी जाऊन उभी राहिली आणि आपोआप गप्प झाली. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी पाण्याचे टाके आणि वरून पावसाचे पाणी आणणारे कोरीव पाट. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरावर पाणी साठवण्याची अशी सोय होती, आणि आमच्या वस्तीत आजही पहाटे चारला उठून नळावर हंडे लावावे लागतात, हेही मुलांनी हेरले.

तेथे भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेले अनेक लेख आहेत. भाषा प्राकृत. आम्ही आधी पुस्तकातून त्यांचे अर्थ टिपून नेले होते. ते वाचून दाखवले. लेखांत राजे फार थोडे. बहुतेक नावे साध्या माणसांची. कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे व्यापारी. भिक्खू आणि भिक्खुणी. कोणाची आई, कोणाची सून, कोणाची मुलगी. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके खोदून दिले, त्याला ते 'पोढी' म्हणत. कल्याणच्याच एका लोहाराने डोंगरावर वाट करून दिली. कोणी शेत दिले, त्याच्या उत्पन्नातून भिक्खूंना चीवर मिळावे म्हणून. त्यातले एक शेत 'मंगलठाण' गावचे, म्हणजे आजचे आपले मागाठाणे, जिथे बेस्टचा डेपो आहे. पुढे नवव्या शतकात तर थेट बंगालकडून आलेल्या एका उपासकाने शंभर द्रम्म नाणी दिली. आणि बौद्ध नसलेले पारशी प्रवासीही १००९ आणि १०२१ साली येथे येऊन आपली नावे पहलवी लिपीत कोरून गेले.

या लेखांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, 'देयधम'. म्हणजे धम्मदान. आम्ही आमच्या विहाराचे खजिनदार आहोत. विहाराच्या पावतीपुस्तकावर आजही आम्ही तोच शब्द लिहितो: धम्मदान, रुपये ५१. धम्मदान, रुपये १०१. देणारा कोणी रिक्षावाला, कोणी घरकाम करणारी बाई. लेण्याच्या भिंतीवरची ओळ आणि आमच्या पावतीवरची ओळ, नोंदीची पद्धत तीच. नाव, गाव, काय दिले. बार्बाडोसच्या नोंदवहीत माणूस हा मालाच्या रकान्यात होता. आमच्या बेटाच्या या दगडी वहीत लोहार देणाऱ्याच्या रकान्यात आहे. एवढा एकच फरक, पण माणसाचे सगळे मोल त्या फरकात आले.

मुलांना हे सांगत असताना दादा कुठे गेले म्हणून आम्ही पाहिले. ते एका अर्धवट लेण्याच्या भिंतीवर तळहात फिरवत उभे होते. म्हणाले, "ह्ये बघ. हितं छिन्नी उभी धरलीया, अन् हितं आडवी. दोन हातांचं काम हाय ह्ये. आन् ह्यो डावखुरा असणार." मुले भोवती जमली. दादांनी त्यांना दगडाची शीर कशी ओळखायची, पहार कुठे घालायची, कुठे घातली तर सगळा कडा अंगावर येतो, ते दाखवले. अर्धा तास ते बोलत होते. आमच्या सबंध आयुष्यात ते खाणीबद्दल इतके बोलले नव्हते. शेवटी म्हणाले, "देणाऱ्यांची नावं हायेत म्हणतूस. ज्यानं फोडला त्याचं हाय का कुठं?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. आम्ही वाचलेल्या लेखांत ते नव्हते.

परतीच्या वाटेवर आम्ही मुलांना बाकीचा इतिहास सांगितला. तो उरकतो घ्यायलाच बरा, कारण तो पुष्कळसा मालक बदलण्याचाच इतिहास आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून हे बेट पोर्तुगीजांकडे गेले. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात चर्च झाले. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ते घेतले. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली आगगाडी याच बेटावरून धावली. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, पवई १८९१ चा.

मालक बदलले, पण राबणारे तेच राहिले. वेसावे, मढ, गोराईचे कोळी. डोंगरातले वारली. मरोळ-कोंदिवट्याच्या गावठाणांतले आणि गोराई-मनोरीचे ख्रिस्ती शेतकरी, ज्यांच्या घरात आजही मराठीच बोलली जाते. गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून त्यांनी १८८७ साली स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. पाहा, कोलंबसाच्या चुकीने तिकडे वेस्ट इंडियन झाले, आणि इंग्रजांच्या कंपनीच्या नावावरून आपल्या शेजारी ईस्ट इंडियन! नंतर दुष्काळाने, जातीच्या जाचाने गाव सोडून आपली माणसे आली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी रेल्वेच्या रुळांवर, कोणी खाणीत. आणि याच बेटावर ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मेली. तोही या बेटाचा इतिहास आहे. तो शाळेच्या पुस्तकात नसला, तरी दर वर्षी त्या दिवशी तेथे जमणाऱ्यांच्या मनात आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. दूरच्या माणसाच्या बेडीकडे पाहून आपली बेडी ओळखायची, हे त्यांनी दाखवून दिले. आम्हांला ते बार्बाडोसमुळे उमगले, तेही एका पोराच्या प्रश्नामुळे.

दादांचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. मग जानेवारीपासून वर्गात आम्ही एक नवीन वही घातली. लांबट, हिशेबाची. चार रकाने आखले: नाव, गाव, कोणत्या साली आले, काय काम केले. प्रत्येक मुलाने घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून एक ओळ लिहायची. कोणाची आजी रेल्वेच्या खडीवर पाट्या टाकायची. कोणाचे आजोबा गोदीत पोती वाहायचे. एका मुलीची पणजी सफाईचे काम करीत होती. ती मुलगी आधी ते लिहायला लाजली. आम्ही तिला पत्र्यांवरच्या कोळशाच्या खुणांची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर. मग तिने लिहिले, ठळक अक्षरात. आजपर्यंत त्या वहीत ६४ ओळी झाल्या आहेत.

पहिली ओळ आम्हीच लिहिली होती. दादा म्हणत होते, "माझं काय लिवायचं?" आम्ही त्यांचे नाव लिहिले, गाव लिहिले, साल १९७२ लिहिले. कामाच्या रकान्यात 'खाणकामगार' लिहिणार होतो. दादांनी थांबवले आणि म्हणाले, "दगड फोडला, आसं लिव्ह." तसे लिहिले.

वाचकहो, आपल्या विहारात, चाळीत, मंडळात अशी एक वही घालता येईल. खर्च पन्नास-साठ रुपये. म्हातारी माणसे आहेत तोवरच ती भरता येईल. आणि सवड काढून एकदा मुलांना घेऊन कान्हेरीला, अंधेरीच्या कोंदिवट्याच्या म्हणजे महाकालीच्या लेण्यांना, मागाठाण्याला जाऊन या. मुलांना सांगा की पांडवांनी नव्हे, माणसांनी ही लेणी कोरली, आणि एका रात्रीत नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या खपून. बरोबर एखादा दगडाची जाण असलेला म्हातारा असेल तर त्याला अवश्य न्या.